जुनी मोटार ओळखायची कशी?

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी वर्षात दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आपल्याच एका सभासदाचे व्याख्यान ठेवले होते. त्यातील एका भाषणाचे हे लेखी रूप. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



मला भाषणाची सवय नाही. माझं सगळं आयुष्य शिवाजी उद्यमनगरात गेलं. आधी दुसऱ्याच्या गॅरेजमध्ये, मग स्वतःच्या शेडमध्ये. तिथं हातोडा बोलतो, माणूस कमी बोलतो. पण गेल्या महिन्यात बी विंगमधल्या दोन पोरांनी मला पार्किंगमध्ये गाठलं. म्हणाली, "काका, यूट्यूबवर एक जुनी स्पोर्ट्स कार दाखवली, म्हणे जगातली पहिली. ती पहिलीच आहे हे त्यांना कसं कळलं? तिच्यावर लिहिलेलं असतं का?" प्रश्न इतका चांगला होता, की उभ्या उभ्या उत्तर देणं बरं वाटलं नाही. म्हणून आज हा विषय घेतला.

आधी एक शब्द समजून घेऊ. प्रोटोटाइप, म्हणजे नमुन्याची पहिली गाडी. आपल्या सोसायटीचंच उदाहरण घ्या. पंचवीस वर्षांपूर्वी आपण बुकिंगला आलो तेव्हा बिल्डरनं ए विंगमध्ये एक सॅम्पल फ्लॅट तयार ठेवला होता. तो बघूनच आपण सगळ्यांनी पैसे भरले. आजही त्या फ्लॅटमध्ये गेलात तर ओटा बाकीच्यांपेक्षा इंचभर खाली आहे, फरशी वेगळी आहे आणि बाथरूमचं दार उलट्या बाजूला उघडतं. का? कारण तो पहिला होता. त्याच्यात चुका सापडल्या आणि पुढच्या फ्लॅटमध्ये त्या सुधारल्या. नमुन्याची गाडी म्हणजे कारखान्याचा सॅम्पल फ्लॅट. तिच्यात कारखान्याचा विचार दिसतो, आणि कारखान्याच्या चुकाही दिसतात. म्हणून तिला मोल.

मोल आलं की लबाडी आली. साधी गाडी "पहिली" म्हणून विकली तर पैसे अनेक पटींनी वाढतात. म्हणून ओळखायचं शास्त्र तयार झालं. त्यात मुख्य दोन गोष्टी असतात. एक नंबर, दुसरी पत्रा.

नंबरापासून सुरू करू. गाडीला जे नंबर असतात त्यातला पाटीवरचा नंबर सरकार देतं. तो बदलू शकतो. आपल्याकडं १९८९ च्या आधी तीन अक्षरी नंबर होते, मग एमएच ०९ आलं. पण चेसी नंबर कारखाना देतो. तो लोखंडात ठोकलेला असतो. इंजिनचा नंबर वेगळा. जुन्या गाड्यांना बॉडीचा नंबरही वेगळा असायचा. आताच्या गाड्यांना सतरा अक्षरांचा नंबर असतो. त्यात आय, ओ आणि क्यू ही तीन इंग्रजी अक्षरं कधीच वापरत नाहीत, कारण ती एक आणि शून्याशी गल्लत करतात. घरी गेल्यावर आपापलं आर.सी. बुक बघा. भारतात बनलेल्या बहुतेक गाड्यांचा नंबर एम अक्षरापासून सुरू होतो. टाटांच्या गाडीला एमएटी, मारुतीला एमए३. म्हणजे पहिली तीन अक्षरं गाडीचं आडनाव सांगतात.

जुन्या काळात मात्र प्रत्येक कारखान्याची स्वतःची रीत होती. एमजी या इंग्लिश स्पोर्ट्स कारचं उदाहरण गमतीचं आहे. त्यांच्या ॲबिंग्डनच्या कारखान्याचा टेलिफोन नंबर होता २५१. म्हणून नव्या मॉडेलची पहिली गाडी एक नंबरपासून नव्हे, तर ०२५१ पासून मोजायची! महायुद्ध संपल्यावर १९४५ मध्ये त्यांनी टीसी नावाचं मॉडेल काढलं. तिची पहिली गाडी टीसी ०२५१. आता ज्याला ही रीत माहीत नाही, तो "टीसी ०००१" असा नंबर ठोकून गाडी पहिली म्हणून विकायला आणेल आणि तिथंच पकडला जाईल. खोटं बोलायलासुद्धा अभ्यास लागतो.

जग्वार ई-टाइप ही फार देखणी गाडी. मार्च १९६१ मध्ये जिनिव्हात तिचं पहिलं दर्शन झालं. तिच्या नंबरांची मांडणी बघा. उजव्या स्टिअरिंगची उघडी गाडी ८५०००१ पासून, उजव्या स्टिअरिंगची बंद टपाची ८६०००१ पासून, डाव्या स्टिअरिंगची उघडी ८७५००१ पासून आणि डाव्या स्टिअरिंगची बंद टपाची ८८५००१ पासून. म्हणजे नुसता नंबर वाचून गाडी कशी असायला हवी ते कळतं. जिनिव्हात दाखवलेल्या दोन गाड्या आजही शाबूत आहेत. त्यांच्या पाट्या ९६०० एचपी आणि ७७ आरडब्ल्यू. पहिलीचा चेसी नंबर ८८५००२, दुसरीचा ८५०००३. दुसरी गाडी तर ऐन वेळी मागवली होती. कारखान्याचा टेस्ट ड्रायव्हर नॉर्मन ड्यूइस यानं ती रात्रभर चालवत कॉव्हेंट्रीहून जिनिव्हाला पोचवली. आपल्याकडं लग्नाच्या आदल्या रात्री कोल्हापूरहून मुंबईला पैठणी पोचवतात, तसंच म्हणा.

पण नुसता नंबर पुरत नाही. नंबर ठोकता येतो. बाजारात नंबर-पंचचा सेट मिळतो. म्हणून दुसरी साक्ष पत्र्याची.

ई-टाइपच्या अगदी पहिल्या सुमारे पाचशे गाड्यांना बॉनेटची कुलपं बाहेरून होती, वेगळी चावी लावून उघडायची. नंतर ती आतून केली. पहिल्या गाड्यांची पायाखालची जमीन सपाट होती. उंच माणसाचे पाय अवघडायचे, म्हणून १९६२ मध्ये तिथं खोलगट भाग दिला. पहिल्या बॉनेटवर हवेच्या फटींची पट्टी वेगळी बनवून जोडलेली होती, पुढं ती एकाच पत्र्यात दाबून काढली. आता कुणी १९६१ चा नंबर दाखवतो, पण पाय खोलगट भागात जात असतील, तर विचारायचं, "हे कधी केलं?" तो म्हणेल, नंतर दुरुस्ती केली. असेलही. मग दुसरी खूण बघायची, तिसरी बघायची. एका खुणेवर निकाल देऊ नये. कोर्टात एक साक्षीदार फुटू शकतो. पाच साक्षीदार एकदम सहसा फुटत नाहीत.

आपल्याकडच्या म्हाताऱ्या मंडळींना हे सगळं माहीत आहे, फक्त त्याला शास्त्र म्हणतात हे माहीत नाही. "डुक्कर फियाट" कुणाकुणाच्या घरी होती? हात वर करा. बघा, सहा-सात हात आले. तिची पुढची दारं उलटी उघडायची, बिजागरी मागच्या बाजूला. १९६४ च्या सुमारास ११०० डी आली, तिची दारं सरळ. म्हणजे आर.सी. बुक न बघता, नुसत्या दारावरून तुम्ही काळ सांगता. हीच पत्र्याची साक्ष.

नमुन्याच्या गाडीचा पत्रा आणखी वेगळा असतो. कारखान्यात हजारो गाड्या काढायच्या तर प्रेसला डाय लागते. डाय महाग. मग पहिल्या एक-दोन गाड्यांसाठी डाय कोण करणार? लाकडाचा साचा करायचा आणि त्यावर हातानं पत्रा ठोकायचा. म्हणून नमुन्याच्या गाडीचं डावं आणि उजवं मडगार्ड अगदी एकसारखं नसतं. टेप लावला तर दोन-चार मिलिमीटर फरक निघतो. आतल्या बाजूनं हातोड्याचे ठसे दिसतात. कुठं भोक पाडलं आणि नंतर जागा बदलली, तर जुनं भोक बुजवलेलं असतं. आणि लोहचुंबक खिशात ठेवावा. जिथं चिकटत नाही तिथं खाली पुट्टी आहे किंवा ॲल्युमिनियम आहे.

फाउंड्रीत काम केलेल्या मंडळींसाठी आणखी एक खूण सांगतो. आपण कास्टिंगवर हीट नंबर टाकतो, पॅटर्न नंबर टाकतो. परदेशातल्या अनेक कारखान्यांत कास्टिंगवर ओतल्याची तारीखही असते. गाडी सांगते "मी १९६१ ची" आणि गिअरबॉक्सचं कास्टिंग सांगतं १९६३, तर दोघांपैकी एक खोटं बोलतंय किंवा गिअरबॉक्स बदललाय. तसंच, नमुन्याच्या गाडीचे भाग वाळूच्या साच्यात ओतलेले असण्याची शक्यता जास्त. अंगाला खरखरीत लागतात. नंतरचे भाग डाय-कास्ट, गुळगुळीत. उद्यमनगरातल्या माणसाला हे डोळे मिटून बोटांनी कळतं. परदेशी पुस्तकं वाचायच्या आधी मी हे कळायला इथंच शिकलो.

आता नंबरानं गाडी कशी वाचते त्याच्या दोन गोष्टी सांगतो.

पहिली पोर्शेची. १९६३ मध्ये फ्रँकफर्टला त्यांनी नवी गाडी दाखवली. तिचं नाव होतं ९०१. प्यूजो कंपनीनं हरकत घेतली, कारण मधे शून्य असलेले तीन आकडी आकडे त्यांनी राखून ठेवले होते. मग १९६४ च्या शेवटी नाव बदलून ९११ केलं. पण तोपर्यंत ८२ गाड्या ९०१ म्हणून बनून झाल्या होत्या. पन्नास वर्षांनी, २०१४ मध्ये, जर्मनीत एका जुन्या कोठारात दोन मोडक्या गाड्या सापडल्या. एकीची पुढची मडगार्डं गायब, तळ गंजलेला. भंगारवाल्यानं वजनावर घेतली असती. पण पोर्शेच्या संग्रहालयानं चेसी नंबर वाचला, ३०० ०५७. म्हणजे नाव बदलण्याआधीच्या ८२ मधली सत्तावन्नावी. तीन वर्षं खपून त्यांनी ती उभी केली आणि २०१७ च्या डिसेंबरात लोकांना दाखवली. नंबर नसता तर ती गाडी आज कुठल्या तरी सळईत वितळलेली असती.

दुसरी गोष्ट उलटी आहे. अमेरिकेत कॅरोल शेल्बी यानं १९६२ मध्ये कोब्रा नावाची स्पोर्ट्स कार बनवली. त्याच्याकडं गाडी एकच होती, चेसी नंबर सीएसएक्स २०००. पण निरनिराळ्या मासिकांना चालवून बघायला द्यायची होती. मग पठ्ठ्यानं काय केलं? प्रत्येक मासिकाकडं देण्याआधी तिला नवा रंग दिला! लोकांना वाटलं, कारखान्यातून धडाधड गाड्या निघतायत. रंगानं सगळ्यांना फसवलं. नंबरानं मात्र नाही. तीच गाडी २०१६ मध्ये लिलावात १ कोटी ३७ लाख ५० हजार डॉलरला गेली.

आता आपल्या घराकडं येऊ. दसऱ्याला आपण सगळे दसरा चौकात जातो. छत्रपती घराण्याची मेबॅक मोटार येते तेव्हा पोरं खांद्यावर चढून बघतात. मेबॅक ही जर्मनीतली फ्रीडरिशहाफेनची कंपनी. झेपेलिन वायुनौकांची इंजिनं बनवणारी म्हणून तिचं नाव. त्या काळी असे कारखाने चेसी आणि इंजिन द्यायचे, आणि बॉडी वेगळे बॉडी बनवणारे कारागीर गिऱ्हाइकाच्या पसंतीनं बांधायचे. म्हणून तशा प्रत्येक मोटारीला दोन जन्म असतात, एक चेसीचा, एक बॉडीचा. पुढच्या दसऱ्याला नुसतं चाकाकडं बघू नका. दार कसं बसलंय, मडगार्डची रेघ कशी वळलीय, ते बघा. ते हातानं केलेलं काम आहे.

आणि इचलकरंजी! इथून तासाभराच्या अंतरावर शंकरराव कुलकर्णी नावाच्या माणसानं, मोठं शिक्षण नसताना, स्वतःच्या डोक्यानं छोटी मोटार बनवली. १९४९ मध्ये पहिला नमुना, दोन माणसं बसतील असा. पुढं पंचवीसएक वर्षं ते सुधारत राहिले. एकामागून एक नमुने केले. मोटारीचं नाव मीरा. सामान्य माणसाला बारा हजारांत मोटार मिळावी हा विचार. ती स्पोर्ट्स कार नव्हती, खरंय. पण नमुन्याची गाडी म्हणजे काय याचं तिच्याइतकं चांगलं उदाहरण माझ्याकडं नाही. कारण मीरा कधी कारखान्यातून हजारांनी निघालीच नाही. तिची प्रत्येक गाडी नमुनाच. जिथं मालिकाच नाही तिथं मालिकेचा नंबर काय सांगणार? तिथं फक्त पत्रा, इंजिन, वेल्डिंग आणि फोटो बोलतात. म्हणून आपल्या जिल्ह्यात कुणाच्या अल्बममध्ये जुन्या मोटारीशेजारी उभे राहिलेले आजोबा असतील तर तो फोटो टाकून देऊ नका. मागं तारीख लिहा, जागा लिहा.

आता मी मूळ मुद्द्याकडं येतो. हे भाषण मी का घेतलं ते सांगायचं राहिलंय.

१९८३ ची गोष्ट. मी तेवीस वर्षांचा होतो, दुसऱ्याच्या गॅरेजमध्ये वेल्डर-डेंटर. शहरातल्या एका डॉक्टरांची एमजी टीसी कामाला आली. दोन माणसांची उघडी गाडी, तारांची चाकं, लाकडी सांगाड्यावर पत्र्याची बॉडी. डॉक्टरांनी ती पंचवीस वर्षं सांभाळली होती. पुढचं डावं टोक एका बैलगाडीला घासून वाकलं होतं आणि तडा गेला होता. मालक जेवायला गेले होते. मी ग्राइंडर घेतला, गंज साफ केला, तडा वेल्ड केला, वेल्ड घासून गुळगुळीत केला, वर काळा रंग मारला. मालक येऊन म्हणाले, "झकास!" मला फार बरं वाटलं.

टीसीचा चेसी नंबर त्याच डाव्या पुढच्या टोकावर ठोकलेला असतो. मी तो घासून टाकला होता. मला माहीतच नव्हतं.

तीन वर्षांनी डॉक्टर गेले. बाईंनी गाडी मुलीच्या नावावर करायची ठरवली. तपासणीला गाडी नेली, नेहमीप्रमाणं नंबरावर कागद धरून पेन्सिल घासायला सांगितली. कागदावर काहीच उमटलं नाही. इंजिनचा नंबर जुळला, पण चेसी नंबर नाही म्हटल्यावर काम अडलं. साहेबांचं काही चुकलं नाही. बिननंबराची गाडी म्हणजे चोरीची असू शकते. बाई गॅरेजवर आल्या. मला अजून आठवतं, त्या म्हणाल्या, "अरे, मी पंचवीस वर्षं बसले त्या गाडीत. गाडी तीच आहे हे मी सांगते ना. मग नंबर कशाला हवा?"

तोवर मला कळलं होतं काय झालं ते. मी गप्प बसलो. पोलिसांचा ससेमिरा लागेल, मालक हाकलून देतील, ही भीती. त्या वेळी मी "नंबर माझ्याकडून घासला गेला" असं लिहून दिलं असतं, तर रीतसर अर्ज करून, चौकशी होऊन, परवानगीनं तो नंबर पुन्हा ठोकून घेता आला असता. माझ्या दोन ओळींचं काम होतं. मी त्या लिहिल्या नाहीत. बाईंनी वर्षभर खेटे घातले, मग कंटाळून गाडी कागदांसकट एका व्यापाऱ्याला देऊन टाकली. किती पैशाला, ते सांगायला मला लाज वाटते.

सहा-सात वर्षांपूर्वी बाहेरगावच्या एका गृहस्थांनी मला बोलावलं. त्यांना एक एमजी टीसी घ्यायची होती. विकणारा म्हणत होता, ही अगदी पहिल्या डझनातली, १९४५ ची, कारखान्याची नमुन्याची गाडी. नंबरही दाखवला, ०२५१ च्या जवळचा. किंमत त्या हिशेबानं. माझं मत हवं होतं.

मी नेहमीच्या क्रमानं गेलो. फूटबोर्डवर रबराच्या पट्ट्या दोन. आधीच्या टीए आणि टीबी मॉडेलला तीन असतात, टीसीला दोन. म्हणजे गाडी टीसी खरी. इंजिनवरच्या अष्टकोनी पट्टीवरचा आकडा मात्र कित्येक हजारांनी पुढचा. पण इंजिन बदललेलं असू शकतं, त्यावरून निकाल द्यायचा नाही. मग नंबर बघितला. आकड्यांच्या कडा धारदार, तळ चकचकीत. सत्तर वर्षांच्या लोखंडात असा ठसा राहत नाही. आकड्यांची उंचीही एकसारखी नव्हती. मी रंग थोडा खरवडला. खाली वेल्ड दिसला.

मंडळी, सोनाराला स्वतःचा टाका ओळखू येतो, शिंप्याला स्वतःची टीप. तो वेल्ड माझा होता. तेव्हा मला शेवटी हात थोडा वर उचलायची सवय होती, तसाच शेपटा होता. मी बराच वेळ खाली बसून राहिलो. त्या गृहस्थांना वाटलं मला चक्कर आली.

मी सांगितलं, "हा नंबर या गाडीचा नाही. हिचा खरा नंबर मी घासलाय." विकणारा भडकला. म्हणाला, पुरावा काय? बरोबर होतं त्याचं. माझा वेल्ड ही माझी आठवण, पुरावा नव्हे. मग मी डॉक्टरांच्या मुलीचा पत्ता काढला. ताई आता पुण्यात असतात. त्यांनी वडिलांची कागदपत्रं जपली होती. त्यात विम्याचा एक जुना कागद निघाला. त्यावर दोन्ही नंबर होते. इंजिनचा नंबर त्या अष्टकोनी पट्टीशी आकडा न आकडा जुळला. आणि चेसी नंबर? तोही हजारांतला. १९४५ ते १९४९ या काळात टीसीच्या सुमारे दहा हजार गाड्या बनल्या, त्यातली ही एक. पहिली नाही, नमुन्याची नाही, साधी गाडी.

त्या गृहस्थांनी ती साध्या गाडीच्या भावानं घेतली आणि कागदांचं रीतसर काम सुरू केलं. या वेळी मी लिहून दिलं. दोन ओळी, छत्तीस वर्षं उशिरा. ताई गाडी बघायला आल्या. मी त्यांना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "तेव्हाच बोलला असतात तर आईला..." आणि पुढं बोलल्या नाहीत. थोड्या वेळानं गाडीत जाऊन बसल्या. डाव्या सीटवर, जिथं आई बसायची.

म्हणून पोरांनो, तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं. पहिली गाडी कुठली हे गाडीवर लिहिलेलं असतं, पण ते वाचायला नंबर लागतो, पत्रा लागतो, कागद लागतो आणि खरं सांगणारं माणूस लागतं. पहिले तीन खोटे करता येतात. चौथं जागेवर असेल तर बाकी सगळं सापडतं.

शेवटी चार कामाच्या गोष्टी सांगतो आणि थांबतो.

एक, आज घरी गेल्यावर आपल्या प्रत्येक वाहनाचा, अगदी वडिलांच्या बंद पडलेल्या स्कूटरचासुद्धा, चेसी आणि इंजिन नंबर मोबाइलवर फोटो काढून ठेवा. आर.सी. बुकाशी ताडून बघा.

दोन, गाडी वेल्डिंगला किंवा रंगाला देताना मेकॅनिकला नंबर कुठं आहे ते बोटानं दाखवा. "इथं ग्राइंडर मारायचा नाही" असं सांगा. तो हसेल, हसू दे.

तीन, घरात पन्नास वर्षांहून जुनी गाडी असेल तर २०२१ पासून व्हिंटेज वाहनांसाठी वेगळी नोंदणी आहे. पाटीवर व्हीए अशी अक्षरं येतात. नवीन नोंदणीची फी वीस हजार, पुनर्नोंदणीची पाच हजार. पण चेसी, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठे फेरफार केलेले चालत नाहीत. म्हणजे "सुधारणा" करायच्या आधी विचार करा.

चार, आणि हे संस्थेसाठी. आपल्या शेअर सर्टिफिकेटवरसुद्धा अनुक्रम नंबर आहेत. सेक्रेटरी साहेबांनी मागच्या सभेत सांगितलं की अकरा सभासदांची सर्टिफिकेटं वारसांच्या नावावर झालेली नाहीत. आई-वडील आहेत तोवर सगळ्यांना ठाऊक असतं फ्लॅट कुणाचा ते. नंतर "आम्ही इथं पंचवीस वर्षं राहिलो" एवढं सांगून भागत नाही. बाईंनी तेच सांगितलं होतं. वारस नोंद या वर्षातच करून घ्या.

ए विंगच्या त्या सॅम्पल फ्लॅटच्या वहिनी मागं बसल्यात, त्यांना एक विनंती. ओटा बदलायचं तुमच्या मनात आहे असं ऐकलं. जरूर बदला, पंचवीस वर्षं वाकून पोळ्या लाटल्यात तुम्ही. फक्त आधी एक फोटो काढून संस्थेच्या फायलीत द्या. मागं तारीख लिहा.